साडेदहा सेकंदांची लढत

न्हाणीघराच्या दाराशी रोज सकाळी दोन सज्जन माणसं अडून उभी असत.

"आपण आधी," अप्पा म्हणत.

"छे छे, आपण पाहुणे," त्यांचे व्याही म्हणत.

"मला तशी काही घाई नाही."

"मलाही नाही."

खरं म्हणजे घाई दोघांनाही असे. तेवढ्यात अप्पांचा जावई खांद्यावर टॉवेल टाकून यायचा, दोघांच्या मधून वाट काढून आत शिरायचा आणि दाराला कडी लावायचा. मग आणखी वीस मिनिटं दोन्ही म्हातारे बाहेर ताटकळत, एकमेकांकडे बघून कसनुसं हसत.

अप्पांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून, उलटं वाचत, ओळीमागून ओळी. बायको होती तोवर घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि ते खातं बंदच पडलं. दीड वर्ष अप्पा एकटे राहिले. मग लेक गाडी घेऊन आली आणि "महिनाभर राहून तर बघा, नाही आवडलं तर कोण बांधून ठेवतंय?" म्हणत त्यांना घेऊन गेली.

त्या घरात तिचे सासरे होते. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना त्यांची सायकल बाजाराच्या तोंडाशी दिसली की दुकानदार आपापले तराजू पुसायला घेत. पाव ग्रॅमसुद्धा त्यांनी उभ्या हयातीत कोणाला सोडला नव्हता. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत; अप्पा साहेब म्हणत. दोघांना मिळून एक खोली होती, दोन खाटा, मध्ये एक बुटकं टेबल. एकाला त्रास नको म्हणून दुसरा रेडिओ लावत नसे. एकाला त्रास नको म्हणून दुसरा खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून खोके. तीन आठवड्यांत भांडण सोडाच, साधा मतभेद झाला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"रविवारच्या सकाळच्या गाडीने निघावं म्हणतो."

लेकीच्या हातातली सुरी थांबली. "का? कोणी काही बोललं का, अप्पा?"

"नाही गं. कोणी काहीच बोललं नाही."

दुखणं तेच होतं; पण ते तिला कसं सांगायचं, हे त्यांना उमगेना. "घराला फार दिवस कुलूप बरं नाही," असं काहीतरी पुटपुटून ते खोलीत आले. लेक कांदा चिरत होती म्हणून बरं. डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणी विचारलं नाही.

शनिवारी लेक आणि जावई अर्ध्या दिवसाच्या कामावर गेले. साहेबांनी टीव्ही लावला. कुठल्याशा देशातलं मुष्टियुद्ध चाललं होतं. लाल चड्डीवाल्याने निळ्या चड्डीवाल्याला पहिल्याच फेरीत आडवा केला. घंटा, आरडाओरडा, फुलं, सगळं मिनिटभरात आटोपलं.

"एवढंच?" साहेब हवेशी बोलले. "एवढ्यासाठी लोक आंघोळी करून जातात? हल्लीच्या पोरांत दमच नाही."

आणि तेव्हा, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, अप्पा कोणी न विचारता बोलले.

"एक लढत एकशेदहा फेऱ्या चालली होती. सात तास एकोणीस मिनिटं."

साहेबांची मान हळूहळू वळली. कोणीही आकडा उच्चारला की त्यांच्या कपाळावरची एक शीर उठत असे. ती उठली. "कोणी मोजली?"

"ते माहीत नाही. पण आकडा तोच आहे. मी स्वतः जुळवलाय. अठराशे त्र्याण्णव साल."

"एक फेरी किती मिनिटांची?"

"तीन. आणि मध्ये एक मिनिट विश्रांती."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. "एकशेदहा चोक चारशे चाळीस. शेवटच्या फेरीनंतरची विश्रांती धरायची नाही. चारशे एकोणचाळीस. भागिले साठ..." त्यांनी डोळे उघडले. "सात तास एकोणीस मिनिटं. अप्पासाहेब, आकडा बरोबर आहे!"

असं काही त्यांनी आजवर फार थोड्यांना म्हटलं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची अप्पांच्या समोर ओढली. "जिंकलं कोण?"

"कोणीच नाही. दोघं आपापल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, ते उठेचनात. शेवटी पंचाने दोघांना घरी जा म्हणून सांगितलं."

"पण आपल्याला हे सगळं कसं ठाऊक?"

मग अप्पांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी कवायतीचे एक निवृत्त मास्तर छापखान्यात आले होते, काखेत वह्यांचा गठ्ठा घेऊन. मुष्टियुद्धातले जगावेगळे विक्रम त्यांनी जन्मभर गोळा केले होते. तीनशे साठ पानांचं ते पुस्तक अप्पांनी एकट्याने आठ महिने जुळवलं. मुष्टियुद्ध त्यांनी कधी पाहिलं नव्हतं; पण वाचलेलं एक वेळ विसरतं, बोटांनी जुळवलेलं विसरत नाही. रोज घरी गेलं की बायकोला त्या दिवशीचा एक विक्रम ते सांगत.

"ती प्रत्येक वेळी एकच विचारायची," अप्पा म्हणाले. "जिंकलं कोण, हे नाही. 'मग तो घरी कसा गेला?' असं. सतरा फेऱ्यांत बेचाळीस वेळा पडलेल्या एका माणसाबद्दल सांगितलं, तर त्या दिवशी जेवली नाही नीट."

"बेचाळीस वेळा पडला," साहेब विचार करत म्हणाले, "म्हणजे निदान एक्केचाळीस वेळा उठला."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांना तेव्हा सुचलं असतं, तर ती दोन घास जास्त जेवली असती.

इथवर सगळं ठीक होतं. पण अप्पांना आता बोलायची गोडी लागली होती. दीड वर्षाचं साठलेलं होतं. ते म्हणाले, "आणि सगळ्यात आखूड लढत साडेदहा सेकंदांची. त्यात पंचाने मोजलेले दहाही आले."

शीर पुन्हा उठली. "दहा मोजायलाच दहा सेकंद."

"हो."

"म्हणजे घंटा झाल्यावर अर्ध्या सेकंदात माणूस आडवा?"

"तो अजून आपल्या कोपऱ्यातच होता. तोंडातला दातांवरचा रबराचा तुकडा नीट बसवत होता बिचारा. तेवढ्यात दुसरा येऊन धडकला."

"अर्ध्या सेकंदात समोरच्या कोपऱ्यातून? अशक्य! अप्पासाहेब, एक तर घड्याळ खोटं, नाहीतर तो घंटेच्या आधीच निघाला असणार. हे तपासल्याशिवाय मला जेवण जायचं नाही."

तपासायचं म्हणजे कसं, हे पुढच्या अर्ध्या तासात अप्पांच्या ध्यानात आलं. रिंगण वीस फुटांचं, आणि खोली बारा फुटांची. म्हणून एक खाट भिंतीला उभी लागली, बुटकं टेबल तिच्यावर चढलं, खोलीचं दार उघडलं, बाहेरच्या खोलीतला सोफा सरकला. तरी दोन फूट कमी पडले, म्हणून घराचं दारही सताड उघडून अप्पांना उंबऱ्यात उभं करायचं ठरलं. हातमोजे आठ औंसांचे हवेत, असं अप्पा बोलून गेले. तेव्हा साहेबांनी उशांचे अभ्रे काढले, त्यांत पायमोजे कोंबले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं.

"हा काटा पाच ग्रॅमने खोटा आहे!" आतून किंचाळी आली. "माझ्या घरात! माझ्या नाकाखाली!"

एक पायमोजा कमी करण्यात आला.

"साहेब, राहू द्या ना," अप्पा दोन्ही हातांना अभ्रे बांधून घेत म्हणाले. मनगटांवर सुतळीच्या गाठी बसत होत्या. "आपलं वय बघा."

"धावायचं नाही. झपझप चालायचं. त्यावरून मी वेग काढतो. मी कोपऱ्यात उभा राहून दातांशी चाळा करतो, म्हणजे परिस्थिती हुबेहूब होईल." साहेबांनी स्वतःच्या हातांनाही अभ्रे चढवले होते; डाव्या अभ्र्यात त्यांनी जुनं टिकटिक घड्याळ कसंबसं धरलं आणि उजवा अभ्रा किंचित सोडवून दोन बोटं तोंडात घातली. त्यांची कवळी जुन्या पद्धतीची होती, धातूच्या पट्टीवर चिनी मातीचे दात बसवलेली. "तयार? एक, दोन, ठण्!"

अप्पा निघाले. पहिली दोन पावलं ते झपझपच चालले होते. पण उंबऱ्यातून सोफ्यापर्यंत आणि सोफ्यापासून दारापर्यंत पाय टाकता टाकता त्यांच्या अंगात काहीतरी शिरलं. चाळीस वर्षं जे बोटांतून गेलं होतं, ते आज पायांत उतरलं म्हणा. खोलीच्या दारात त्यांची चाल दुडकी झाली. आत मोकळ्या केलेल्या जागेत सतरंजी होती, आणि सतरंजीखाली सकाळीच पुसलेली गुळगुळीत फरशी. सतरंजी अप्पांना घेऊन निघाली. अप्पांनी थांबायला म्हणून हात पुढे केले, साहेबांनी झेलायला म्हणून मान पुढे केली, दोन कपाळं एकमेकांना भेटली आणि नारळ फुटावा तसा आवाज झाला. उभी केलेली खाट टेबलासकट खाली आली. मग सगळं शांत झालं. घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. डोक्यावर छत कोसळल्यासारखा आवाज ऐकून त्या गळ्यातल्या टेपसकट धावत वर आल्या. दार सताड उघडं, सोफा वाकडा, आणि आत फरशीवर दोन व्याही, हातांना अभ्रे बांधलेले, एकाच्या डोळ्यावर निळं टेंगूळ, दुसऱ्याच्या ओठातून रक्त.

"मावशी," साहेब पडल्या पडल्या म्हणाले, "ती टेप द्या हो इकडे. मी कुठे पडलो, ते मोजायचंय." पण कवळी तोंडात नव्हती, त्यामुळे मावशींना त्यातलं फक्त "पडलो" कळलं. त्यांनी तडक फोन लावला.

"अगं, लवकर ये! तुझ्या वडलांनी आणि सासऱ्यांनी एकमेकांना पार लोळवलंय!"

लेक आणि जावई दवाखान्यात पोचले, तेव्हा मावशींनी रिक्षाने आणलेले दोन्ही म्हातारे बाकावर शेजारी शेजारी बसले होते. सुतळीच्या गाठी न सुटल्यामुळे अभ्रे अजून हातांतच होते. समोरच्या बाकावरच्या बाईने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

"बाबा, तुम्ही अप्पांवर हात उचललात?" जावयाचा स्वर चढला.

"तुझे बाबा काय गप्प बसणाऱ्यातले आहेत होय!" लेक फणकारली. "उद्या निघालेत अप्पा! एक दिवस धीर धरवला नाही बाबांना?"

"आणि तुझे अप्पा गरीब गाय! बाबांचा ओठ बघ जरा! दात गेलेत त्यांचे!"

"ते आधीच गेले होते!"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासऱ्यावरून आणि वडलांवरून त्यांच्यात कधी खटका उडाला नव्हता. तो मान आज दवाखान्याच्या पॅसेजला मिळाला. अप्पा कासावीस झाले. "अरे, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मीच आधी धडकलो."

साहेबांनी जोरजोरात मान हलवली आणि अभ्र्याने स्वतःची छाती ठोकली. आधी मी, असं त्यांना म्हणायचं होतं. दवाखान्यातसुद्धा दोघांचं तेच चाललं होतं.

डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून जेवले नव्हते. "कशावरून झाली मारामारी?" त्यांनी विचारलं.

साहेब ताठ बसले, अप्पांकडे अभ्रा रोखला आणि कळवळून म्हणाले, "हाडेदहा हेकंद!"

"दहा हाडं?" डॉक्टर उठूनच उभे राहिले. "यांची दहा हाडं मोडली?"

"हाडेदहा! हाडेदहा!"

"साडेदहा?" डॉक्टर म्हणाले, तेव्हा साहेबांनी इतक्या समाधानाने मान डोलावली, की दहा आणि वर एक अर्धवट मोडलेलं, असाच सगळ्यांनी अर्थ घेतला. लेकीने रडायला सुरुवात केली. अप्पा "नाही हो, मला काही झालेलं नाही" म्हणत असतानाच त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून छातीचा फोटो काढायला नेण्यात आलं. गाठी सुटेनात, त्यामुळे शर्टही निघेना. तसाच काढला फोटो.

पाच मिनिटांनी डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, मग उलटा करून पुन्हा धरला. अप्पांच्या बरगड्या सगळ्या जागच्या जागी होत्या. पण डाव्या बाजूला, काळजाच्या जरा वर, दातांची एक अख्खी रांग हसत होती.

"आजोबा," ते साहेबांकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही यांना चावलात?"

अप्पांनी अभ्र्यानेच शर्टाचा खिसा चाचपला. धडकेत साहेबांची कवळी उडून तिथे जाऊन बसली होती. पहिल्यांदा साहेब हसले, बिनदातांचे, लहान मुलासारखे. मग अप्पांना हसू फुटलं, आणि ते इतकं, की टेंगळातून कळा येऊ लागल्या, तरी थांबेना. लेक दारात थिजली. आई गेल्यापासून अप्पा हसलेले तिने पाहिलेच नव्हते. ती नवऱ्याकडे वळली. जावयानेही मान खाली घातली होती. "मी उगाच बोललो," तो म्हणाला. "मीही," ती म्हणाली. आणि तो गाडी आणायला गेला, ती औषधांच्या खिडकीशी.

डॉक्टरांनी कात्रीने गाठी कापल्या. कवळीची पट्टी वाकली होती, ती दंतवैद्याकडून सरळ करून आणावी लागणार होती. "दोघांनाही सांगतो," ते म्हणाले, "तीन दिवस पूर्ण विश्रांती. धावपळ नको, प्रवास नको. आणि कृपा करून प्रयोग नकोत."

गाडीत साहेब पुढे बसले होते. घराच्या वळणाशी त्यांनी घसा साफ केला.

"दाक्तरांनी तीन आठवडे प्रवाह करायचा नाही म्हणून हांगितलंय."

"काय करायचं नाही?" लेकीने विचारलं.

"प्रवाह! गाडीचा! अप्पांनी!"

"प्रवास," जावयाने अर्थ लावला. "तीन आठवडे प्रवास बंद. म्हणजे उद्याचं जाणं रद्द, अप्पा."

अप्पांचे कान चांगले होते. तीन दिवस, हे त्यांनी लख्ख ऐकलं होतं. त्यांनी समोर पाहिलं. ज्या माणसाने पाव ग्रॅम कधी सोडला नाही, त्याची मान ताठ होती, नजर रस्त्यावर होती, आणि कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या होत्या. अप्पांनी खिडकीची काच खाली केली आणि काही बोलले नाहीत. पण हे न बोलणं पहिल्या तीन आठवड्यांतलं नव्हतं.

पुढचे दिवस लेकीला आपलंच घर ओळखू येईना. सकाळी न्हाणीघराच्या दारात "तुम्ही चला हो, मला वेळ लागतो" असं सरळ ऐकू येई. 'आपण' कुठे गेलं, कळलं नाही. खोलीतून दिवसभर आवाज येत. एकाच क्षणी दोघंही आडवे झालेल्या एका लढतीबद्दल अप्पा सांगत, की पंचाने एकाला बखोटीला धरून उभा केला आणि दुसऱ्यावर दहा मोजले. त्यावर साहेब टेबलावर मूठ आपटून ओरडत, "उघड लबाडी आहे ही! त्या पंचाचा परवाना काढून घ्यायला हवा होता!"

"तो गेला हो केव्हाच."

"म्हणून काय झालं?"

बुधवारी लेक अप्पांच्या टेंगळाचं मलम आणायला दवाखान्यात गेली. परत आली ती पिशवी न ठेवताच खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. साहेब सरळ झालेल्या कवळीने सफरचंद खात होते.

"बाबा, मी डॉक्टरांना विचारलं, तीन आठवडे म्हणजे फारच नाही का? ते म्हणाले, कोण म्हणालं तीन आठवडे? तीन दिवस सांगितले होते मी."

साहेबांनी सफरचंद खाली ठेवलं. "असं? मला आठवडे ऐकू आलं. तोंडात दात नव्हते ना तेव्हा."

"दातांनी ऐकतात का, बाबा?"

चौतीस वर्षं लोकांचे तराजू पकडणारा माणूस आज स्वतः पकडला गेला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लेक वडलांकडे वळली.

"अप्पा, तुम्ही तिथेच होतात. तुमचे कान तर शाबूत आहेत. तुम्ही सांगा, डॉक्टर काय म्हणाले?"

अप्पांनी साहेबांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी कधी चुकीचं अक्षर जागेवर ठेवलं नव्हतं.

"साहेबांची ऐकण्यात चूक झाली," ते म्हणाले. "आठवडे नाही. महिने म्हणाले. तीन महिने."

लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग पदराने नाक पुसत, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

"तीन महिने," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे दिवस किती धरायचे?"

"धरू नका," अप्पा म्हणाले.